दहा मीटरच्या आतला दुलीचंद

"भुताजवळ ब्लूटूथ राहते का जी?" असं एकानं मला भर दुकानात विचारलं होतं. मी म्हणालो, असलंच तर दहा मीटरच्या आतच चालेल, तू आपला अकरा मीटरवर उभा राहा. दुकानातले सगळे हसले. विचारणारा हसला नाही. मला त्याच्याविषयीच लिहायचं आहे, पण आधी थोडा धंदा समजावून सांगतो. नाही तर पुढचं सगळं तुम्हाला भाकडकथा वाटेल.

मी गोंदियाजवळच्या मुर्रीचा. एकवीस वर्षं सकाळच्या गाडीनं सालेकशाला उतरत आलो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. बाजाराच्या रस्त्यावर 'कटरे मोबाईल' नावाची माझी टपरीवजा दुकानगाडी. पुढे तिला शटर आलं, एवढीच काय ती प्रगती. त्याआधी रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचो. आता भिंग लावूनही बारीक टाके दिसत नाहीत, त्यामुळे चार्जर आणि कव्हरं विकत बसतो. पण हात थरथरत नव्हता तेव्हा पाण्यात पडलेला, म्हशीनं तुडवलेला, एकदा तर वरणात शिजलेला फोनही मी बोलता केला आहे. हे सांगताना मान थोडी ताठ होते, ती होऊ द्या.

तर ब्लूटूथ. मोबाइलला दोन कान असतात असं समजा. एक लांबचा, तो टॉवरकडे लागलेला. दुसरा जवळचा, फक्त आजूबाजूच्या फोनांचं ऐकणारा. हा दुसरा कान म्हणजे ब्लूटूथ. त्याला टॉवर लागत नाही, रिचार्ज लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. सालेकशाच्या पुढे दरेकशाच्या वाटेला लागलं की पहिला कान बहिरा व्हायचा, अजूनही कित्येक टोल्यांत, म्हणजे रानातल्या वस्त्यांत, होतो. त्यामुळे आमच्याकडचे लोक दुसऱ्या कानावरच जगायचे. गाणी, लग्नाचे व्हिडिओ, कचारगडच्या जत्रेतली रेकॉर्डिंगं, सगळं एका फोनातून दुसऱ्या फोनात असंच जायचं. दोन माणसं फोनला फोन लावून पाच पाच मिनिटं पारावर गप्प बसलेली दिसायची.

मात्र हाक मारायची तर नाव लागतं. प्रत्येक फोन आपलं एक नाव आजूबाजूला सांगत असतो. कंपनीनं दिलेलं नाव म्हणजे नुसते आकडे. मी नवा फोन विकताना सेटिंगमध्ये जाऊन गिऱ्हाइकाचं नाव इंग्रजी अक्षरांत टाकून द्यायचो. अर्ध्या मिनिटाचं काम. पण स्वतःचं नाव त्या पडद्यावर पाहून माणूस असा खूश व्हायचा की पुढची दहा वर्षं दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नसे. ही माझी युक्ती होती आणि मला तिचा अभिमान होता.

दुलीचंदलाही मी असाच फोन विकला. बटणांचा, जाड, लाल पट्टीचा. दुलीचंद एका टोल्याची गुरं राखायचा. टोल्याचं नाव मुद्दाम सांगत नाही, लोक अजून तिथंच राहतात. फोन घेताना त्यानं रेकॉर्डर तपासून पाहिला, जसा तेव्हा सगळेच पाहायचे. फोन तोंडापुढे धरून ओरडला, "हॅलो, हॅलो! मी दुलीचंद बोलून राहिलो. आयकू येते का जी?" आणि मी दुसऱ्याच फोनचा स्क्रू फिरवत, मान वर न करता म्हणालो, "येते, येते." दिवसातून दहा वेळा मी असं म्हणत असेन.

दोनेक वर्षांनी दुलीचंद गेला. पावसाळ्याच्या तोंडावर जंगलात मोहाच्या झाडाखाली उभा होता आणि झाडावर वीज पडली. फोन त्या दिवशी घरी चार्जिंगला लावलेला होता, म्हणून वाचला. काही दिवसांनी त्याच्या मुलानं तो मला आणून विकला.

जुना फोन विकायला ठेवण्याआधी त्यातलं सगळं पुसून नाव बदलायचं, असा नियम आहे. नियम मीच केलेला आणि मीच मोडायचो. कव्हर धुतलं, नवी बॅटरी टाकली, की फोन काचेत. कुणी काही म्हटलं तर माझं ठरलेलं उत्तर होतं, फोन चालते ना, मग नावानं काय फरक पडते? दुलीचंदचा फोन असाच काचेत गेला आणि असाच विकला गेला. कुणाला, ते मी ध्यानात ठेवलं नाही.

आता एक हसण्यासारखं. आमगावकडच्या एका कुणबी घरात नवा स्पीकर आणला होता. तो भर दुपारी आपोआप 'कनेक्टेड' म्हणायचा आणि भजन सुरू करायचा. घरात म्हातारी नुकतीच गेलेली, तिला भजनाचा नाद. झालं, घर हादरलं. लिंबू कापून झाले, नारळ फोडून झाले, मग मला बोलावलं. मी चहा पीत बसलो, दुपार होऊ दिली. स्पीकर बोलला तसा उठलो आणि शेजारच्या घरात गेलो. शेजारची नवी सून दुपारी कामं आटोपून फोनवर भजन लावायची, तिचा फोन भिंतीपलीकडच्या स्पीकरला जाऊन चिकटायचा, आणि ती बिचारी आपला फोन मुका झाला म्हणून रोज त्याला थापट्या मारायची. मातीच्या भिंतीला ब्लूटूथ जुमानत नाही. ती गोष्ट मी पुढे वर्षभर दुकानात रंगवून सांगितली. लोक म्हणायचे, कटरेभाऊंच्या पुढं भूत टिकत नाही. मलाही ते पटायला लागलं होतं.

मग मोहाच्या हंगामात एका सकाळी सोमाजी आला. दुलीचंदच्याच टोल्यातला, चाळिशीचा, अंगानं पहिलवान. शटर अर्ध्यावर होतं तरी वाकून आत आला आणि आपला बटणांचा फोन दोन बोटांनी धरून माझ्यापुढे ठेवला.

"भाऊ, यातून दुलीचंदले काढून द्या."

"कोण दुलीचंद?"

"आमचा. वीज पडून मेला तो."

मी हसू दाबलं. तो बसेना, उभ्यानंच सांगत राहिला. त्याची विधवा वहिनी फुलवंताबाई आदल्या पहाटे मोहफुलं वेचायला गेली होती, परत आली नव्हती. दिवस कलताना हा तिला शोधायला निघाला. विजेच्या झाडाखालच्या वाटेनं येत असताना कुठून तरी एक हाक आली, घोगरी, एकच. "आमी एका हाकेले ओ देत नाही जी," तो म्हणाला. मला ते माहीत होतं. माझी आईही हेच सांगायची. रानात दिवेलागणीला कुणी हाक मारली तर गप्प राहायचं. माणूस असला तर तीनदा हाक मारतो, दुसरं कुणी असलं तर एकदाच. सोमाजी तसाच गप्प उभा राहिला. तेवढ्यात खिशात फोन वाजला. पडद्यावर दुलीचंदचं नाव. दुलीचंद फाइल पाठवत आहे, घ्यायची का? हो की नाही?

"मंग?"

"मंग का? नाही दाबलो अना पळालो."

याच वेळी त्यानं तो भुताच्या ब्लूटूथचा प्रश्न विचारला आणि मी ते अकरा मीटरचं उत्तर दिलं. तोवर तीन-चार गिऱ्हाइकं जमली होती, मला चेव चढला. आमगावची भजनाची गोष्टही सांगून टाकली. मग सोमाजीला म्हणालो, फोनात जुन्या नावांची यादी राहते, त्यातलंच नाव वर आलं असेल. असं म्हणून मी त्याचं ब्लूटूथ बंद करून टाकलं.

"घे, कायमचा बंद केला तुझा दुलीचंद."

त्यानं हात जोडले. तो शटरखालून वाकून बाहेर जात असताना मी विचारलं, वहिनी सापडली का? तो म्हणाला, नाही जी, आज पुन्हा जाऊन राहिलो, लोक म्हणतेत अस्वलानं नेली असेल. मोहाच्या दिवसांत अस्वलं फुलं खायला येतात, हे खरंच आहे. मी म्हणालो, सापडेल. आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन उघडला.

संध्याकाळी परतीच्या गाडीत माझ्यासमोर एक कॉलेजची मुलगी बसली होती. कानातलं नवं यंत्र फोनला जोडत होती. माझ्या फोनचं ब्लूटूथ धंद्यामुळे नेहमी चालूच, त्यावर तिच्या यंत्राचं नाव चमकलं, जोडायचं का म्हणून विचारू लागलं. मी सवयीनं ते बाजूला सारलं आणि पुढच्याच क्षणी मला सकाळचा सोमाजी आठवला. जुनी यादी कधी विचारत नाही. यादी म्हणजे नुसती नावं, ती पडून असतात. घ्यायचं का, असं विचारायला समोर फोन लागतो, चालू असलेला, आणि त्या फोनचं बटण दाबणारं बोट लागतं. तेही दहा मीटरच्या आत.

इतकी वर्षं मी लोकांना हेच शिकवत आलो होतो. त्या सकाळी चार माणसं हसवायच्या नादात नेमकं तेच विसरलो. सोमाजीचा नंबर माझ्याकडे होता. गोंदिया येईपर्यंत पंचवीस वेळा लावला. टोल्यात टॉवर नाही.

सकाळच्या पहिल्या गाडीनं गेलो, ओळखीच्याची मोटारसायकल घेतली आणि टोला गाठला. सोमाजी अंगणात बसला होता. कालचा दिवसभर शोधून थकलेला. मी त्याला एकच विचारलं, वहिनीजवळ फोन होता का?

"होता, जुनापुराना. बायांचे गाणे भरून ठेवे त्यात. कोठून घेतला, मले नाही मालूम."

मला शंका आली, खात्री नव्हती. त्याला म्हणालो, चल, विजेच्या झाडाकडे. तो नको म्हणाला. मग माझ्याकडे पाहिलं आणि काठी घेऊन निघाला.

मोहाचा वास तुम्हाला माहीत असेल तर सांगायला नको, नसेल तर सांगून उपयोग नाही. सगळं जंगल आंबूस गोड झालेलं असतं आणि डोकं जड होतं. टोल्याच्या आसपासच्या झाडांखाली एक फूल शिल्लक नव्हतं. विजेच्या झाडाखाली मात्र सडा पडला होता. अर्धं झाड काळं कोळसा, अर्धं जिवंत, आणि जिवंत अर्ध्यानं दुप्पट फुलं टाकलेली. दुलीचंद गेल्यापासून तिथं कुणी वेचत नव्हतं. जवळ गेलो तेव्हा दिसलं, सड्याची एक बाजू स्वच्छ होती. कुणी तरी तिथं बसून, एकेक फूल उचलत, अर्ध्यात उठून गेलं होतं.

"वहिनीच," सोमाजी पुटपुटला. "तिले भेव नव्हता."

भीती परवडायला घरात दुसरं कमावणारं माणूस लागतं. ते तिच्याकडे नव्हतं.

आम्ही हाका मारल्या. उत्तर नाही. पक्षीही बोलत नव्हते. मी सोमाजीच्या फोनचं ब्लूटूथ पुन्हा चालू केलं आणि माझ्या फोनवर आसपासचे फोन शोधायला लावले. पडद्यावरचा गोल फिरत राहिला. आधी सोमाजीच्या फोनचं नाव आलं. मी खडकाच्या अंगानं चार पावलं वर चढलो. यादीत दुसरं नाव आलं. दुलीचंद.

मी त्या नावाकडे पाहत होतो. ते नाव मीच टाकलं होतं, या बोटांनी. समोर त्याला मारलेलं झाड होतं. आणि मग फोन हातात थरथरला. दुलीचंद फाइल पाठवत आहे. घ्यायची का?

मी 'नाही' दाबलं.

यासाठीच मी हे लिहायला बसलो आहे. मी सगळं जाणून तिथं गेलो होतो. आदल्या संध्याकाळी गाडीतच हिशेब मांडून, दुकान बंद ठेवून, उसनी मोटारसायकल घेऊन मी त्याच प्रश्नाची वाट पाहायला गेलो होतो. तो आला तेव्हा बोट आपोआप 'नाही'वर गेलं. आईचं सांगणं माझ्या धंद्यापेक्षा जुनं होतं.  मला पळायचं होतं, खरंच पळायचं होतं.

सोमाजीनं माझं तोंड पाहिलं. "आला का?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. नाही दाबलं, हे मी सांगितलं नाही, पण त्याला कळलं असावं.

 फोन पुन्हा थरथरला. तेच नाव, तोच प्रश्न. सोमाजी माझ्या खांद्यावरून पाहत होता. त्यानं बोटं मोजली. "माहा एक. तुमचा एक. हा तिसरा आहे जी," तो म्हणाला. "आता ओ द्या."

मी 'हो' दाबलं. पट्टी सावकाश भरत गेली. अर्ध्यावर अडली, मग पुन्हा सरकली. फाइल आवाजाची होती. मी ती लावली. आधी नुसती खरखर. मग त्या सुन्न रानात, माझ्या तळहातावरून, दुलीचंद ओरडला.

"हॅलो, हॅलो! मी दुलीचंद बोलून राहिलो. आयकू येते का जी?"

सोमाजी मटकन खाली बसला. मी फोन टाकणारच होतो, तेवढ्यात त्या फाइलमधून दुसरा आवाज आला. लांबचा, कंटाळलेला, कुठल्या तरी कामातून मान वर न करणारा.

"येते, येते."

तो माझा होता.

आपलाच आवाज मेलेल्या माणसाला उत्तर देताना ऐकणं काय असतं, ते मला सांगता येणार नाही. पण त्यानंच मला जागं केलं. हे रेकॉर्डिंग माझ्या दुकानात झालेलं. हा फोन माझ्या काचेतला. मी पुसला नाही म्हणून यात दुलीचंद अजून ओरडत होता. आणि आता तो ज्याच्या हातात होता, ते माणूस दहा मीटरच्या आत होतं.

"सोमाजी, ऊठ. वहिनी इथंच आहे."

मी फोन पुढे धरून चालू लागलो. डावीकडे गेलो की नाव पुसलं जायचं, परत आलो की उगवायचं. दुलीचंद येत होता, जात होता, येत होता. वरच्या बाजूला दोन खडकांमध्ये एक भेग होती, करवंदीच्या जाळीनं झाकलेली. तिथं नाव पुसलं जाईना. सोमाजीनं काठीनं जाळी बाजूला केली.

फुलवंताबाई खाली होती, दोन पुरुष खोल. अस्वल दिसल्यावर पळताना जाळीवरून घसरून आत गेली होती. एक पाय खडकाखाली भलत्याच दिशेला वळलेला. शेजारी टोपली, त्यातली मोहफुलं खाऊन आणि बाटलीभर पाणी पुरवून तिनं दोन रात्री काढल्या होत्या. ओरडून ओरडून गळा बसला होता. पहिल्या संध्याकाळी सोमाजीला आलेली ती एक घोगरी हाक शेवटचीच. आम्हाला पाहून ती बोलली नाही. एक हात सरळ वर उचललेला होता आणि त्या हातात लाल पट्टीचा फोन. सोमाजी आत उतरून तिला धरेपर्यंत तिनं तो हात खाली घेतला नाही.

सालेकशाहून तिला गोंदियाला नेलं. गुडघ्याखालून पाय काढावा लागला. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, काल आणलं असतं तर पाय राहिला असता. एवढंच म्हणून ते पुढच्या पेशंटकडे गेले. सोमाजी बाकावर बसून होता. तो म्हणाला, "काल मी त्याच वाटेनं दोनदा गेलो जी. एकदा जातानी, एकदा येतानी. काल दुलीचंद काऊन नाही आला?"

मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. मला उत्तर ठाऊक होतं. काल त्याच्या खिशातला कान मी बंद करून दिला होता. मी म्हणालो, चहा घेऊन येतो.

पुढचं सगळं टोल्यानं आपलं आपण ठरवलं. दुलीचंदनं वहिनीला राखलं. गुरं राखायचा, आता माणसं राखतो. विजेच्या झाडाला लाल कापड बांधलं गेलं, नारळ फुटू लागले. जिथं कुणी फिरकत नव्हतं तिथं पुढच्या हंगामात बायका बिनधास्त वेचायला लागल्या. दुलीचंदचा मुलगा दुकानात आला तो छाती पुढे काढून. मलाही मान मिळाला, भुताले ओ देणारा माणूस म्हणून. मी मान खाली घालून तो घेत राहिलो. कुणी ब्लूटूथचं विचारलं तर पूर्वीसारखं रंगवून सांगणं मात्र बंद झालं.

पावसाळा सरला तेव्हा माझ्यानं राहवेना. एका दुपारी टोल्यात गेलो. फुलवंताबाई ओट्यावर बसून तांदूळ पाखडत होती, कुबडी भिंतीला टेकलेली. गळा पुन्हा चांगला झाला होता. मी समोर बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. फोनातलं नाव बदललं नव्हतं. सोमाजीचं ब्लूटूथ मीच बंद केलं होतं. आणि झाडापाशी पहिल्या वेळी मी 'नाही' दाबलं होतं.

सूप थांबलं नाही. तांदूळ वर जात होते, खाली येत होते.

"सोमाजीचा बंद केला ते मले मालूम नव्हतं," ती म्हणाली. "त्या दिवशी दिवसभर पायाचे आवाज आयकू येत होते. मी दाबत होती, दाबत होती. कोनाचं नावच येत नव्हतं."

मी सुपातल्या तांदळाकडे पाहत होतो.

"तिसऱ्या दिवशी तुमच्या दुकानाचं नाव आलं. मले वाटलं, सुटली आता. मंग लाल काट आली."

"भ्यालो मी, बाई."

"ते समजली मी. कोनीबी भ्यालं असतं." तिनं एक खडा निवडून बाहेर फेकला. "पर नावाचं कायले सांगता मले? मी घेतला त्याच दिवशी तुमाले म्हटलं होतं ना. का हा मेलेल्या मानसाचा होय, नाव बदलून माहं नाव टाकून द्या. तुमी का म्हणाले, आठवते का?"

मला आठवत नव्हतं. तिचं येणं, तिचा चेहरा, काहीच आठवत नव्हतं. तिनं सूप मांडीवर ठेवलं, मान खाली घातली, हातात नसलेला स्क्रू फिरवला आणि हुबेहूब माझ्या कंटाळलेल्या आवाजात म्हणाली, "फोन चालते ना बाई, नावानं काय फरक पडते?"

तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. मी हात पुढे केला. म्हणालो, द्या, आत्ता बदलून देतो, अर्धं मिनिट लागेल. तिनं कनवटीचा फोन काढला, पाहिला आणि परत खोचला.

"राहू द्या. आता या नावाले लोक ओ देतेत. फुलवंताच्या नावाले कोन देते?"

त्या दिवसापासून माझ्या दुकानातून जुना फोन पुसल्याशिवाय आणि नवं नाव टाकल्याशिवाय गेलेला नाही. गिऱ्हाईक घाईत असलं तरी त्याला बसवतो, नाव विचारतो, चेहरा पाहतो. याचं मला कुणी श्रेय देऊ नये. हे मी एक पाय गेल्यावर शिकलो, तोही दुसऱ्याचा.

फुलवंताबाई आता बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानासमोर लिंबाखाली बसते. कधी चारोळी, कधी वाळलेली मोहफुलं, जे असेल ते विकते. माझ्या काउंटरपासून तिचं पोतं नऊ पावलांवर आहे, मी मोजलं आहे. दुपारी गर्दी ओसरली की माझा फोन थरथरतो. दुलीचंद फाइल पाठवत आहे. घ्यायची का? दर बाजाराला तीच फाइल. ती मुद्दाम करते, मला माहीत आहे, आणि आजवर एकदाही असं झालं नाही की ते नाव पाहून माझ्या मानेवर काटा आला नाही.

हातात काहीही असो, मी ते खाली ठेवतो आणि 'हो' दाबतो. दुलीचंद विचारतो, आयकू येते का जी? फाइलमधला मी मान वर न करता म्हणतो, येते, येते. मग मी मान वर करतो. समोर लिंबाखाली ती फोन धरलेला हात सरळ वर उचलून बसलेली असते. मी रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणतो, "येते, फुलवंताबाई." तेव्हा कुठं ती हात खाली घेते.